परमुलखातील भट्टी आणि जुगाराची चकती : मागणीनुसार घडवून घेतलेल्या खेळाच्या चकत्यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे गाव आपल्या नावातच एक व्यवसाय वागवते. पिंपळगावे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्यासाठी व्यवसायाचे, दैवताचे किंवा शेजारच्या मोठ्या गावाचे नाव जोडण्याची रीत सर्वत्र आढळते, आणि येथे ती ओळख कुंभाराची आहे. मातीची एखादी वाटोळी चकती हवी असेल तर अशा गावातील माणसाला वेशीबाहेर जाण्याचे कारण पडू नये. कुंभाराने ती चाकाजवळ बसून घडीभरात करून द्यावी, किंवा कोणीही फुटक्या मडक्याचे खापर दगडावर घासून ती तयार करावी. लहान मुलांच्या खेळातील ‘ठिकरी’ हा शब्द मुळात अशा खापराच्या तुकड्याचाच वाचक आहे. दख्खनमधील प्राचीन वसाहतींच्या उत्खननांत घासून गोल केलेल्या खापराच्या चकत्या सापडतात व अभ्यासक त्यांतील अनेकांची गणना खेळाच्या साधनांत करतात.

असे असताना जगाच्या इतिहासात खेळाच्या चकत्या समुद्रापलीकडील कारागिरांकडून, स्वतःचे चिन्ह व मूल्य लिहून देऊन, मुद्दाम घडवून का घेण्यात आल्या? आज पोकर खेळणारे हौशी लोक परदेशी कारखान्यांकडून ‘सिरॅमिक’ चिप मागवतात, ती या प्रथेची अगदी अलीकडची पायरी होय. प्रस्तुत लेखात या प्रथेचा मागोवा घेतला असून, चकतीचे मूल्य तिच्या मातीपेक्षा ती घडवणाऱ्याच्या अंतरात अधिक होते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

कवडी आणि बलुते

आपल्याकडील सर्वांत जुने आयात खेळसाधन मानवनिर्मित नाही. सारीपाटावर दान टाकण्यासाठी वापरली जाणारी कवडी मुख्यत्वे मालदीव बेटांच्या समुद्रातून भारतात येत असे. हीच कवडी देशाच्या अनेक भागांत, विशेषतः बंगालमध्ये, किरकोळ देवघेवीचे चलनही होती. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे मराठी प्रयोग या दुहेरी उपयोगाची साक्ष देतात. खेळाचे साधन आणि चलन ही दोन्ही कामे एकाच वस्तूने करावीत हा योगायोग नव्हे. दोन्ही ठिकाणी वस्तू मोजण्यास सोपी, टिकाऊ आणि स्थानिक माणसाला बनवता न येणारी असावी लागते. कवडी ही अट निसर्गतःच पूर्ण करत होती. गोदावरीच्या काठी बसून कोणी कवडी पाडू शकत नव्हते.

गावगाड्याला मात्र अशा वस्तूची फारशी गरज नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात कुंभार वर्षभर मडकी पुरवतो आणि सुगीला खळ्यावर धान्य घेतो. मधल्या काळातील देणे लिहून ठेवण्यासाठी चकती लागत नाही, कारण देणारा व घेणारा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. (ही ओळख समतेची होती असे मात्र मानू नये, बलुत्याचे माप कोण ठरवतो हा प्रश्न तेथे होताच.) चकतीची गरज लागते ती अनोळखी माणसांत. अशा ठिकाणी गावातल्या कुंभाराला सहज करता येणारी चकती कुचकामी ठरते, कारण ती त्याला जशी करता येते तशी खेळात बसलेल्या कोणालाही करवून घेता येते.

कँटनच्या शिंपल्या आणि उलटे राजचिन्ह

मागणीनुसार दूरदेशी वस्तू घडवून घेण्याची व्यापारी पद्धत पोर्तुगीजांच्या काळात आकाराला आली. १५१० मध्ये गोवा ताब्यात घेतल्यावर काही वर्षांतच ते चीनच्या किनाऱ्यावर पोहोचले आणि आपल्या चिन्हांची भांडी तेथे करून घेऊ लागले. राजा मान्युएल याचे राजचिन्ह असलेली एक सुरई आज प्रसिद्ध आहे, ती तिच्यावरील राजचिन्ह उलटे रंगवले गेल्यामुळे. रंगवणाऱ्या कारागिराला ते चिन्ह कशाचे, वर काय आणि खाली काय, हे ठाऊक नव्हते. चिनी मातीच्या भांड्यांच्या व्यवहारात असे प्रमाद पुढील तीन शतके होत राहिले. नमुन्याच्या कागदावर रंगांची नावे लिहिलेली असत, ती अक्षरेही काही वेळा नक्षीचा भाग समजून ताटावर उतरली. ग्राहक आणि कारागीर यांच्यामध्ये समुद्र, भाषा आणि दलाल अशा तीन भिंती होत्या. मागणी दिल्यापासून माल हाती पडेपर्यंत दोन वर्षे लागणे नेहमीचे होते.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून इंग्लंडमधील श्रीमंत घराणी कँटनहून पत्त्यांच्या खेळासाठी मोत्याच्या शिंपल्याच्या चकत्या मागवू लागली. त्या गोल, लांबट किंवा माशाच्या आकाराच्या असत आणि त्यांवर घराण्याचे चिन्ह वा आद्याक्षरे कोरलेली असत. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या १८१३ च्या कादंबरीत लिडिया आपण हरलेल्या व जिंकलेल्या ‘माशां’ची बडबड करते, ते हेच मासे होत. एका घराच्या दिवाणखान्यात खेळणाऱ्यांना फसवणुकीची फारशी भीती नव्हती. तेथे परदेशी चकती ही प्रतिष्ठेची खूण होती.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना हा मार्ग चांगला परिचित होता. जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांच्यासारखे पारशी व्यापारी तरुणपणी स्वतः चीनच्या सफरी करत. येथून कापूस व माळव्याची अफू जाई आणि परतीच्या जहाजांतून रेशीम, भरतकामाची वस्त्रे व चिनी मातीची भांडी येत. पोर्सेलिनला मराठीने ‘चिनी माती’ असे जे नाव दिले, त्यातच तिचा मूळ पत्ता नोंदलेला आहे. ही माती गावच्या आव्यात भाजता येत नाही. तिला पांढरे केओलिन लागते आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसची आच लागते. कुंभाराच्या उघड्या आव्याला हजारापर्यंतचा पल्लाही जड जातो. युरोपलाही हे तंत्र १७०८ ते १७१० च्या सुमारास जर्मनीतील सॅक्सनीत प्रथम साधले. म्हणजे चिनी मातीची चकती ही दीर्घकाळ पूर्व आशियाबाहेर कोणाला बनवता न येणारी वस्तू होती.

सयामचे ‘पी’

या गुणाचा जुगारासाठी सर्वांत पद्धतशीर उपयोग सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये झाला. तेथे जुगारखान्यांचा मक्ता सरकार लिलावाने देई आणि मक्तेदार बहुधा चिनी असत. थाई भाषेत कवडीला ‘बिया’ म्हणतात आणि जुगारखान्याच्या ‘बोन बिया’ या नावातही तोच शब्द आहे. कवड्यांची जागा पुढे ‘पी’ नावाच्या चकत्यांनी घेतली. त्या काच, पितळ, शिसे यांच्याही असत. पण नाव झाले ते चिनी मातीच्या चकत्यांचे. मक्तेदार त्या चीनमधून घडवून आणत. त्यांवर पेढीचे नाव, सलुंग किंवा फुअँग यांसारखे मूल्य, कधी शुभवचन, कधी फूल, मासा वा फुलपाखरू असे. एका बाथचे चार सलुंग व एका सलुंगाचे दोन फुअँग होत. गोल, चौकोनी, षट्कोनी, पाकळीदार असे त्यांचे असंख्य प्रकार संग्राहकांनी जमवले असून, एच. ए. रॅम्सडेन यांनी त्यांवरील पुस्तक १९११ मध्ये योकोहामा येथून प्रसिद्ध केले.

या चकत्या जुगारखान्यातच राहिल्या असत्या तर त्यांचा इतिहास कुतूहलापुरता उरला असता. परंतु त्या बाजारात शिरल्या. १८५५ च्या बाउरिंग तहानंतर सयामचा परदेशी व्यापार वाढला आणि सुट्या पैशाची चणचण भासू लागली. राजा मोंगकुट याने १८६० मध्ये यंत्रावर पाडलेली सपाट नाणी सुरू केली, १८६२ मध्ये कथलाची व १८६५ मध्ये तांब्याची हलकी नाणी काढली. तरीही तुटवडा संपला नाही आणि खोटी नाणीही निघाली. अशा वेळी भाजीवाली, होडीवाला, खानावळवाला यांनी शेजारच्या जुगारखान्याची चकती घेणे सुरू केले, कारण ती त्या पेढीवर नेली की पैसे मिळत. चकती ही पेढीची छोटी दर्शनी हुंडीच झाली. मराठवाड्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. निजामी अमलात येथील बाजारांत हाली सिक्का व कलदार रुपया शेजारी शेजारी चालत आणि बट्टा ठरवणे हे सराफाचे रोजचे काम होते. सयाममध्ये मात्र दुसरे चलन राजाचे नव्हते. ते जुगाराच्या मक्तेदाराचे होते.

येथे अंतराच्या संरक्षणाची मर्यादाही उघड झाली. ज्या भट्टीकडे एका पेढीची मागणी जाते, त्या भट्टीकडे दुसऱ्या कोणाचीही जाऊ शकते. कारागिराला चकतीवरील नाव कोणाचे आणि मागणारा कोण याची पडताळणी करण्याचे कारण नव्हते. दूरदेशी घडवण्याने शेजाऱ्याची नक्कल टळली, पण त्याच बंदराशी संबंध असणाऱ्याची नक्कल टळली नाही. खोट्या चकत्या दिसू लागल्या की पेढी चालू चकत्या परत बोलावी. माणूस घंटा वाजवीत फिरून मुदत जाहीर करी आणि मुदतीनंतर जुनी चकती निरर्थक होई. पुढे नव्या आकाराची, नव्या रंगाची मागणी चीनला जाई. संग्राहकांना आज इतके प्रकार सापडतात त्याचे एक मोठे कारण ही बनावटगिरी होय. ज्याने दवंडी ऐकली नाही त्याचे नुकसान ठरलेलेच. ते होडीवाल्याचे होई, मक्तेदाराचे नव्हे.

राजा चुलालाँगकॉर्न याच्या सरकारने १८७४ मध्ये एका ‘अट्ट’ची, म्हणजे अत्यल्प किमतीची, कागदी नोट काढून सुट्या पैशाची अडचण दूर करण्याचा प्रयत्न केला आणि १८७५ मध्ये चकत्यांचा चलन म्हणून वापर बंद केला. नाणे पाडण्याचा अधिकार मक्त्याने दिलेला नव्हता, ही जाणीव उशिरा का होईना राज्यसत्तेला झाली. जुगारखाने स्वतः १९१७ पर्यंत टिकले.

‘सिरॅमिक’ चिप आणि कायदा

आजच्या ‘सिरॅमिक’ चिपमध्ये चिनी माती नसते, ही बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत पुढे आलेली ही चकती साच्यात ओतलेल्या कठीण प्लॅस्टिक मिश्रणाची असते. ती साधारण ३९ मिलिमीटर व्यासाची व दहा ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. उष्णतेने शाई पृष्ठभागात मुरवून तिच्या दोन्ही बाजूंवर व कडेवरही हवे ते चित्र छापता येते. नाव मातीचे राहिले, माती गेली. मागणीची रीत मात्र कँटनच्या ग्राहकाला ओळखता येईल अशीच आहे: रेखाटन पाठवायचे, नमुना मागवायचा, रंग जुळतो का पाहायचे, किमान संख्येची अट मान्य करायची आणि जकात भरून माल सोडवायचा. दोन वर्षांच्या जागी काही आठवडे लागतात, एवढाच फरक.

सयामचा जुना प्रश्नही तसाच उरला आहे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथील बोर्गाटा कॅसिनोत एका पोकर स्पर्धेत २७ खेळाडू उरले असताना खेळ थांबवून ती रद्द करावी लागली. एका स्पर्धकाने प्रत्येकी ५,००० गुणांच्या १६० बनावट चिप खेळात मिसळल्या होत्या. उरलेल्या चिप त्याने हॉटेलच्या शौचालयात टाकल्या, नळ तुंबले आणि प्रकरण उघडकीस आले. तपासात त्याने चिप चीनमधून मागवल्याचे पुढे आले. नेवाडा राज्याच्या नियमांनुसार कॅसिनोला आपल्या चिपचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि चिप बंद करताना जाहीर सूचना देऊन किमान १२० दिवस त्या परत घ्याव्या लागतात. सयामच्या घंटेचे हे कागदोपत्री रूप म्हटले पाहिजे. यात मुदतीची हमी कायद्याने दिली आहे, हा फरक लहान नाही.

भारतात या वस्तूची स्थिती राज्यागणिक बदलते. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील खेळांना वाट मिळाली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंविषयीचा कायदा केला, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. येथे आजही १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. त्यातील ‘जुगाराची साधने’ या संज्ञेची व्याख्या जुगारासाठी वापरलेल्या किंवा वापरण्याच्या हेतूने ठेवलेल्या कोणत्याही वस्तूपर्यंत पोहोचते. अधिनियमानुसार झालेल्या झडतीत अशी साधने सापडली, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती जागा जुगाराचा अड्डा असल्याचा तो पुरावा मानला जातो. केवळ कौशल्याच्या खेळांना अधिनियमात सूट आहे. पोकर त्यात बसतो काय, यावर न्यायालयांची मते एक नाहीत. त्यामुळे स्वतःच्या नावाच्या पाचशे चिप परदेशातून मागवणाऱ्याला कारखानदार रंग, वजन व कडेची छपाई यांविषयी सर्व काही विचारतो. त्या चिप कोठे व कशासाठी वापरल्या जाणार, हा प्रश्न तो विचारत नाही. तो प्रश्न झडतीच्या वेळी, दुसऱ्याच कोणाकडून विचारला जातो.