शितापासून दृष्टांतापर्यंत

आधणातले तांदूळ वर-खाली होऊ लागले की आजी पळीच्या टोकावर एक शीत घ्यायची आणि चिमटीत दाबायची. आत कणी लागली तर पातेल्यावर पुन्हा झाकण. शीत बोटचेपं झालं की पातेलं खाली. दुसरं शीत ती घेत नसे.

शास्त्रकारांनी या साध्या कृतीला नाव दिलं, स्थालीपुलाकन्याय. स्थाली म्हणजे पातेलं, पुलाक म्हणजे शीत. आपण त्यालाच ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणतो. इथला ‘न्याय’ म्हणजे रोजच्या जगण्यातला दाखला, अवघड विचाराला लावून पाहायचा. काकतालीय म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तसा योगायोग. देहलीदीप म्हणजे उंबऱ्यावरचा दिवा, घर आणि अंगण दोन्ही उजळणारा. मोठमोठे वाद अशा घरगुती वस्तूंच्या आधाराने लढले गेले. धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखायचा, तर नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, दाखला देतात स्वयंपाकघराचा!

दृष्टांत हा शब्दही या नैयायिकांचाच. न्यायसूत्रांतल्या 16 पदार्थांपैकी तो एक. सामान्य माणूस आणि पंडित या दोघांनाही जी गोष्ट सारखीच पटलेली असते, ती दृष्टांत. मला ही व्याख्या फार मोलाची वाटते. उपमा कितीही सुंदर असली तरी समोरच्याने ती वस्तू पाहिलेलीच नसेल, तर तिच्यावर पाय ठेवून पुढे जाता येत नाही. पुढे मराठीत या शब्दाला स्वप्नही चिकटलं. देव ‘दृष्टांत देतो’ तो झोपेत.

मराठी गद्यात दृष्टांताने समजावण्याच्या युक्तीला खरं घर मिळालं ते महानुभाव पंथाकडे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकात ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. प्रत्येकाची मांडणी तीन पायऱ्यांची. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचं. गोष्टीतलं काय मूळ मुद्द्याला लागू पडतं, ते दार्ष्टांतिकात उलगडून सांगायचं. आज आपण ही तिसरी पायरीच गाळतो. तुलना फेकतो आणि टाळी घेऊन मोकळे होतो.

‘दृष्टांतपाठा’तला हत्तीचा दृष्टांत पाहा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांपैकी एकाच्या हाती सोंड येते, त्याला हत्ती मुसळासारखा वाटतो. कान चाचपणाऱ्याला सुपासारखा, पाय धरणाऱ्याला खांबासारखा. कधी न पाहिलेल्या प्राण्याकडे जायला प्रत्येकाने घरातलीच वस्तू पुढे केली आहे. डोळस माणूस येतो, तो कुणालाच खोटं पाडत नाही. हे सारे हत्तीचेच अवयव, एवढंच सांगतो.

एक अवयव म्हणजे हत्ती नव्हे, मग एका शितावरून सारा भात कसा कळतो? म्हणून आजीचं शीतही दार्ष्टांतिक मागतं. एक पातेलं, एक पाणी, एक जाळ, म्हणून एका शितावर भरवसा. आमच्या कुकरात आता दोन डबे लागतात, खाली जुना तांदूळ, वर नवा. झाकण निघालं की मी दोन्हींतलं एकेक शीत दाबून पाहते.