तळटीप : ऑगस्टीन वॉशिंग्टन
ऑगस्टीन वॉशिंग्टन (१६९४–१७४३) : व्हर्जिनियातील जमीनदार, काउंटी न्यायालयाचे न्यायाधीश आणि काही काळ शेरीफ. जॉर्ज वॉशिंग्टनचे वडील एवढीच त्यांची ओळख अपुरी आहे; या घराण्याचे वजन कशावर उभे होते, हे त्यांच्या मृत्युपत्रातून कळते. पहिल्या पत्नीचा मुलगा लॉरेन्स याला पुढे माउंट व्हर्नन म्हणून गाजलेली जमीन मिळाली. दुसरी पत्नी मेरी बॉल हिच्या ११ वर्षांच्या जॉर्जला फेरी फार्म आणि १० गुलाम माणसे. ही त्या काळची रीतच होती, असा आक्षेप घेता येईल. पण दस्त नोंदवणारे, मृत्युपत्रे मान्य करणारे न्यायालय अशाच जमीनदारांच्या हाती होते. शेतासोबत माणसेही वारशात वाटणारी ती रीत त्यांनीच चालवली. म्हणून ती निर्दोष ठरत नाही.