दुसऱ्याचा धूर

रेल्वेच्या डब्यात शेजारच्याने विडी पेटवली, तर न ओढणाऱ्याने काय करायचे? १९८९च्या रेल्वे कायद्यात म्हटले होते, की सहप्रवाशाने हरकत घेतली तर विडी ओढता येणार नाही. म्हणजे वाईटपणा घ्यायचा तो त्रास सोसणाऱ्यानेच! बहुतेक जण खिडकीकडे तोंड करून गप्प बसत.

वास्तविक स्वतः न ओढणाऱ्या, पण नवऱ्याचा धूर सोसणाऱ्या बायकांनाही फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे जपानच्या हिरायामांनी १९८१मध्येच दाखवले होते. अखेर मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. जगण्याच्या हक्काचा आधार घेऊन न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, रेल्वे अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३मध्ये कायदाही झाला.

आता हरकत घ्यायची वेळच येऊ नये. पण मनाईच्या पाटीखालीच कुणी काडी ओढतो, तेव्हा बोलावे लागते ते आपल्यालाच.