डफ-तुणतुणे आणि लाल बावटा



इतिहास म्हटला की आपणांस बखरी, तहनामे, सनदा आणि पत्रव्यवहार आठवतो. गाण्याचा इतिहास लिहावयाचा झाला तर तो दरबारी गवयांचा आणि घराण्यांचा. फार झाले तर संगीत नाटकांचा. परंतु गेल्या शतकात ह्याच महाराष्ट्रात तिघा जणांनी डफ, तुणतुणे, ढोलकी आणि काही झीलकरी एवढ्या भांडवलावर असे काही उभे केले, की सरकारला त्यावर बंदी घालणे भाग पडले; आणि पुढे सरकारनेच तो साज उचलून स्वतःच्या अंगावर चढविला. त्या मंडळीचे नाव लाल बावटा कलापथक. स्थापनेचे साल १९४४, ठिकाण मुंबई. माणसे तीन : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर.

हा विषय ह्या गावी का, असे कोणी विचारील. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला तेव्हा येथे भोवताली शेते होती. त्यानंतर कारखान्यांमागून कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. ही वस्ती भरली कोणी? सांगली-सातारा, सोलापूर-बार्शी, मराठवाडा, खानदेश, कोकण येथून आलेल्या माणसांनी. एक पिढी आधी हीच माणसे लालबाग-परळला उतरत असत. तेव्हा गिरणगावची गोष्ट ही आपल्याच घरच्या थोरल्या पातीची गोष्ट आहे. निगडीला अण्णाभाऊंचा पुतळा आहे. त्याला वळसा घालून रोज कामावर जाणाऱ्यांनी, तो माणूस गात काय होता हे एकदा ऐकून घेतले तर वेळ वाया जाणार नाही.

अण्णाभाऊंचे पाळण्यातले नाव तुकाराम. देहूच्या शेजाऱ्यांना हे सांगताना मला थोडा आनंद होतो. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवे तालुक्यातील वाटेगाव. मातंग समाजातला जन्म. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी लावली त्यांतला. शाळेत दीड दिवस गेले आणि परत आले. पुढे बापाबरोबर पायी मुंबईस आले. पडेल ते काम केले, गिरणीत राबले, आणि दुकानांच्या पाट्या व सिनेमाच्या जाहिराती वाचून अक्षरे लावावयास शिकले. चुलतभाऊ बापू साठे ह्यांचा तमाशाचा फड होता. त्यात वाद्ये हाताळली, सोंगे केली. म्हणजे दोन शाळा झाल्या, एक मुंबईच्या रस्त्याची आणि दुसरी फडाची. तिसरी शाळा माटुंग्याच्या लेबर कँपात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची.

अमर शेख ह्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, बार्शीचा. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग संप आणि तुरुंग. आई मुनेरबी जात्यावरच्या ओव्या गाणारी. मुलाच्या कवितेत ओवीचे वळण आले ते तिच्याकडून. पण लोकांना आधी भेटला तो त्यांचा गळा. ध्वनिवर्धक असो वा नसो, मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द स्वच्छ पोहोचला पाहिजे, ह्या कसोटीला उतरलेला तो आवाज होता. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. उपमा मोठी आहे, अत्र्यांच्या उपमा मोठ्याच असत. पण ह्या ठिकाणी ती फारशी सैल बसत नाही.

तिसरे गव्हाणकर. स्वतः कवने रचणारे, गाणारे, आणि पथकाची घडी बसविणारे. त्यांचे नाव आज सगळ्यांत कमी घेतले जाते. अशा मंडळींत एक तरी माणूस असा असतो, की तो नसता तर बाकीचे दोघे एका व्यासपीठावर टिकले नसते.

आता ह्यांनी केले काय ते पाहू. तमाशाची जुनी बांधणी आपणांस ठाऊक आहे : आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी सांगाडा ठेवला आणि आतला जीव बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि तिच्यासाठी झिजलेल्या माणसांना वंदन आले. गवळण गेली. सोंगाड्या राहिला, कारण सोंगाड्यावाचून तमाशा म्हणजे मिठावाचून भाकरी. पण आता तो कोतवालाची थट्टा करण्याऐवजी सावकाराची, वकिलाची, पुढाऱ्याची करू लागला. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजीचे इलेक्शन' ही त्या काळची वगनाट्ये. शेवटचे तर १९४६ च्या निवडणुकीच्या सुमाराचे; मते कशी मागतात आणि कशी विकत घेतात ह्याचा त्यात जो तमाशा आहे तो ऐकून हसू येते, आणि हसू अजून येते हीच त्यातली अडचण आहे. दुसरीकडे पोवाडा. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या लढायांसाठी घडलेले हे हत्यार त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईकडे वळविले, बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाकडे वळविले. चाळीच्या जिन्यात बसलेल्या गिरणी कामगाराला व्होल्गा नदी कोठे आहे हे ठाऊक नव्हते. परंतु वेढा पडलेला किल्ला म्हणजे काय हे त्याच्या रक्तात होते. त्या ओळखीच्या चालीवर बसून व्होल्गा लालबागला आली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. १९४२ साली देश 'चले जाव' म्हणून उठला असता कम्युनिस्ट पक्ष त्या लढ्यापासून दूर राहिला. युद्धाला त्याने लोकयुद्ध म्हटले. पथक त्या पक्षाचे. त्यामुळे ज्यांची मुले तुरुंगात होती त्या पांढरपेशा घरांना हा डफ कानाला गोड लागत नव्हता, आणि त्यांना दोष देता येणार नाही. स्टालिनग्राडचा पोवाडा उत्तम आहे. तो ऐकणाऱ्याला सातारच्या पत्री सरकारचा पोवाडा कोठे आहे असे विचारावेसे वाटले असेल, तर तोही प्रश्न योग्यच होता. पक्षाशी असलेल्या नात्याने ह्या शाहिरांना व्यासपीठ दिले, श्रोते दिले, अक्षरओळख दिली. आणि त्याच नात्याने अर्धा महाराष्ट्र त्यांच्यासाठी काही वर्षे बंद केला.

स्वातंत्र्य आले आणि मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. गृहखाते मोरारजी देसायांकडे होते. अश्लीलता हे कारण, आणि जुन्या फडांतला काही भाग पाहता ते अगदीच खोटे नव्हते. पण बंदीच्या जाळ्यात चावट लावणी जशी सापडली तशीच राजकीय बतावणीही सापडली; १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली तेव्हा लाल बावटा पथकावरही घाला आला. ह्यातून जी वाट निघाली ती मराठी रंगभूमीच्या इतिहासात फार मोलाची आहे. तमाशा नको ना, मग हे आमचे लोकनाट्य! नाव बदलले, खेळ तोच. आज 'लोकनाट्य' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो एका बंदीला दिलेले उत्तर आहे हे विसरूनच गेलो आहोत.

ह्याला समांतर असे उदाहरण दूरदेशी सापडते, ते सांगून पुढे जातो. १९७५ नंतर इंग्लंड-अमेरिकेत 'पंक' नावाचे गाणे निघाले : दोनतीन सोपे स्वरमेळ, वाद्य शिकलेले नसले तरी चालेल, आवाज मोठा आणि राग खरा. कॅनडात व्हँकूव्हर येथे १९७८ साली 'डी.ओ.ए.' नावाचे पथक उभे राहिले. इस्पितळात पोहोचण्यापूर्वीच मेलेल्या माणसाच्या कागदावर जी तीन अक्षरे लिहितात ती ह्यांनी नाव म्हणून घेतली. १९८३ साली तेथील प्रांतिक सरकारविरुद्ध कामगारांची मोठी चळवळ झाली तेव्हा ह्या मंडळींनी सार्वत्रिक संपावर तबकडी काढली. त्यांचा प्रमुख गायक जो कीथ्ली हा २०१८ साली शेजारच्या बर्नबी शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आला. आपल्या शाहिरांनी हे नाव ऐकलेले असणे शक्य नाही, आणि त्यांनी आपल्या शाहिरांचे ऐकलेले असण्याचाही संभव नाही. तरी दोघांचा हिशेब एकच : साधने थोडी, म्हणून ती कोणीही उचलू शकतो. फरक इतकाच, की व्हँकूव्हरच्या पोरांनी बापाचे गाणे फेकून देऊन आपले केले. अण्णाभाऊंनी आजाचे गाणे फेकले नाही, त्याच्याच तोंडी नवे शब्द घातले. मला दुसरी रीत अधिक अवघड वाटते.

पथकाला खरा महाराष्ट्र मिळाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आता समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि रिपब्लिकन विचाराचे लोक एका मांडवात आले, आणि ज्या घरांनी १९४२ पासून दार लावून घेतले होते तीही ऐकावयास मैदानात आली. शाहीर आत्माराम पाटील आणि इतर अनेक जण होतेच. पण अण्णाभाऊंच्या 'माझी मैना' ह्या छक्कडीने जे केले ते निराळेच. वरवर पाहता ती एका चाकरमान्याची विरहकथा : तो मुंबईत, त्याची मैना गावाकडे. मुंबईचे वैभव आणि तिच्या पोटातले दैन्य ह्यांचे वर्णन होते, आणि अखेरीस शाहीर हळूच कूस बदलतो. जशी ही मैना दुरावली, तसेच बेळगाव, कारवार आणि सीमेवरचा मुलूख महाराष्ट्राला दुरावला! नकाशावरची रेघ ही ज्याला कधी समजली नसती, त्याला ती बायकोच्या आठवणीतून समजली. राजकारण समजावून देण्याची ह्याहून चांगली युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

१ मे १९६० रोजी राज्य झाले. बेळगाव मात्र बाहेर राहिले ते राहिलेच. राज्य झाल्यावर शाहिरांचे काम संपले असे राज्यकर्त्यांना वाटले. लोकनाट्य मात्र त्यांना आवडले. पंचवार्षिक योजना, कुटुंबनियोजन ह्यांच्या प्रचारासाठी सरकारी खात्यांनी डफ-ढोलकी हाती घेतली. राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही त्या वाटेने मोठे काम करीत होते, पु. ल. देशपांड्यांचे 'पुढारी पाहिजे', वसंत बापटांची गाणी, पुढे निळू फुले आणि दादा कोंडके ही माणसे त्या मुशीतून आली. १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले आणि जो तमाशा पाहिला असे सांगण्याची सभ्य माणसाला लाज वाटे, त्याची तिकिटे काढून घरची मंडळी बसू लागली.

अण्णाभाऊ कादंबरीकडे वळले होते. 'फकिरा' १९५९ साली आली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केलेली. १९६१ साली तिला राज्य पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते रशियास जाऊन आले. पुरस्कार मिळविणारा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होता आणि झोपडीतच खंगला. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा पक्षातल्या वादाची वाट न पाहता हिमालय पेटल्याची हाक देणारा तो गळा, असा एकाएकी बंद झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा बसला.

वारसा कोणाकडे गेला म्हणाल, तर तो सरळ रेषेत गेला नाही. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांच्या कवितेत काही गेला. अमर शेखांच्या कन्या मल्लिका स्वतः कवयित्री. त्यांचे पती नामदेव ढसाळ ह्यांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. गाण्याची बाजू विलास घोगरे, संभाजी भगत ह्यांच्यासारख्यांनी उचलली. २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आले. कल्पना आणि संगीत संभाजी भगतांचे, लेखन राजकुमार तांगडे ह्यांचे, आणि रंगमंचावर उभी राहिलेली बरीचशी मंडळी जालना जिल्ह्यातली, शेती करणारी. त्या नाटकाचा कळस म्हणजे दोन शाहिरांची जुगलबंदी. विषय एकच, शिवाजी महाराज. एक शाहीर बखरीतला सांगतो, दुसरा रयतेचा. मागे झीलकरी उभे असतात आणि डफावर थाप पडते.