अन्व्याचें देऊळ आणि मेजर गिलचा कॅमेरा

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत अन्वा नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील यादवकालीन देवालयाच्या मंडपांतील खांब व वरचें कोरीव छत पाहून जाणारा येणारा थबकतो. १८७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जेम्स फर्ग्युसनच्या वास्तुशिल्पावरील ग्रंथांत या मंडपाचें चित्र आलें. गांवाचें नांव मात्र ‘अम्वा’ असें छापलें गेलें. तें चित्र मेजर रॉबर्ट गिल यानें घेतलेल्या छायाचित्रावरून खोदलें होतें.

उत्तम छायाचित्रकार कशानें होतो, असें पुष्कळजण विचारतात, आणि बहुधा उत्तराची अपेक्षा कॅमेऱ्याच्या दुकानदाराकडून करतात. गिलचें चरित्र त्यांनीं पाहावें.

गिल मद्रासच्या सैन्यांतील अधिकारी. १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला काढण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें. लेण्यांच्या काळोखांत तो वर्षानुवर्षें भिंतींशीं डोळे लावून बसला. कॅमेरा त्याच्या हातीं आला तो १८५६ च्या सुमारास, म्हणजे निव्वळ पाहण्यांत एक तप गेल्यावर. कोणत्या खांबावर सकाळचें ऊन येतें आणि कोणती मूर्ति तिसऱ्या प्रहरीं अंगणांतून परतलेल्या उजेडानें उठते, हें तोंवर त्याला पाठ झालें असलें पाहिजे.

त्या काळची रीतही मोठी कष्टाची. कलोडियन नांवाचा चिकट द्रव कांचेवर ओतावयाचा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत नेऊन धुवावयाची. दहा-पंधरा मिनिटांचा हा खेळ. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तेवढीही सवड मिळत नाहीं. एक कांच फुकट गेली कीं सारा खटाटोप पुन्हां पहिल्यापासून! उतावळ्याचें हें काम नव्हतेंच.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ती ओली कांच निळ्या रंगास तत्काळ दाद देई, परंतु तांबड्या-पिवळ्यास जवळजवळ आंधळी असे. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू आणि पिवळी माती यांचेंच राज्य. तेथें कॅमेरा लावला तर गेरूचें अंग काळें पडावें आणि निळा रंग पांढुरका व्हावा! म्हणून रंगाचें काम कुंचल्याकडेच राहिलें, आणि कॅमेऱ्यास दगड मिळाला: खांब, कमानी, मूर्ति, अन्व्यासारखीं देवळें. आपलें यंत्र काय पाहूं शकत नाहीं हें ओळखणें, यासच छायाचित्रकाराची निम्मी विद्या म्हणावें लागेल. १८६४ सालीं गिलच्या छायाचित्रांचीं दोन पुस्तकें लंडनास निघालीं. त्यांपैकीं एकांत दोन डोळ्यांनीं पाहावयाचीं जोडचित्रें होतीं, ज्यांत खांब जणूं कागदांतून पुढें येतात.

पुढें दैव फिरलें. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेल्या त्याच्या तैलचित्रांपैकीं बहुतेक १८६६ सालच्या आगींत जळून गेलीं. आयुष्याच्या ऐन उमेदीचीं वर्षें राख झालीं. चित्रकाराच्या श्रमांस हा काय न्याय! तरीही तो अजिंठ्यास परतला आणि पुन्हां कुंचला उचलून बसला. ज्या छायाचित्रांकडे त्यानें जोडकाम म्हणून पाहिलें असेल, तींच पुस्तकांतून घरोघर गेलीं होतीं, म्हणून वांचलीं. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे.