वक्ररेषेचें कूळ

घर बांधणाऱ्याच्या हिशेबांत जमीन आडवी असते, भिंत उभी असते आणि दोहोंची गांठ काटकोनांत पडते. गवंड्याचा ओळंबा व गुण्या याच विश्वासावर शतकानुशतकें चालत आले. परंतु चाकें लावलेल्या फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर, उभें राहून वेगानें घसरणाऱ्या मुलांसाठीं जो सिमेंटचा हौद बांधतात, त्यांतून हा काटकोनच नाहींसा होतो. तेथें जमीनच हळूहळू चढत जाऊन भिंत होते. असला आकार इमारतींचे नकाशे करणाऱ्या संगणकास समजावून देतांना जी अडचण पडते, तिचें मूळ मात्र संगणकाहून पुष्कळ जुनें आहे.

ही अडचण जहाज बांधणाऱ्यांना फार पूर्वींच जाणवली होती. जहाजाच्या पोटाचा बांक लहानशा चित्रावरून कापतां येत नसे. म्हणून ऐसपैस माळ्याच्या जमिनीवर पूर्ण मापाची आकृति काढीत. लांकडाची लवचिक पट्टी जागोजाग वजनें ठेवून वांकवीत, आणि दोन वजनांमध्यें ती आपल्या स्वभावानें जशी वळे, तीच रेषा प्रमाण मानीत. या पट्टीचें इंग्रजी नांव ‘स्प्लाइन’. १९४६ सालीं आयझॅक शोएनबर्ग या गणितज्ञानें तेंच नांव तुकड्यातुकड्यांनीं जोडलेल्या, परंतु सांधा न दिसणाऱ्या, वक्ररेषांना दिलें.

पुढें मोटारीचें पत्र्याचें अंग यंत्रानें घडविण्याची वेळ आली, तेव्हां बांक आंकड्यांत सांगणें भाग पडलें. १९५९ सालीं फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यांत पोल द कॅस्टेलजो यानें मोजक्या बिंदूंवरून वक्ररेषा काढण्याची रीत शोधली. कारखान्यानें ती गुप्त ठेवली. रेनॉ कारखान्यांतील पिएर बेझिए यानें तसेंच काम स्वतंत्रपणें करून तें १९६०च्या दशकांत प्रसिद्ध केलें. जगानें त्या रेषांना बेझिएचें नांव दिलें, आणि आधीं शोधणारा बराच काळ अंधारांत राहिला.

रेषा नुसती सुंदर असून भागत नाहीं, हा धडा इमारतींना सिडनीच्या नाट्यगृहानें दिला. १९५७ सालीं यॉर्न उट्झोन या डॅनिश स्थापत्यकाराची योजना स्पर्धेंत निवडली गेली. त्याच्या चित्रांतील छपरें शिडांसारखीं फुगलेलीं होतीं. परंतु त्यांचा बांक कोणत्या नियमाचा, हें चित्रांत नव्हतें. ओव्ह अरूप याच्या इंजिनियरांनीं अन्वस्त व लंबवर्तुळ हे आकार लावून पाहिले, संगणकाचीहि मदत घेतली. प्रत्येक वेळीं कमानीची फांसळी निराळी, म्हणून सांचाहि निराळा! अखेर १९६१ सालीं सर्व छपरें ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे म्हणून ठरविलीं, आणि तेच सांचे पुन्हां पुन्हां वापरणें शक्य झालें. उट्झोननें १९६६ सालीं काम सोडलें; १९७३ सालीं नाट्यगृह उघडलें.

स्केटच्या हौदाचा जन्म मात्र बागेंतला. १९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील सोनोमा येथें टॉमस चर्च यानें मूत्रपिंडाच्या, किंवा काजूगराच्या म्हणा, आकाराचा पोहण्याचा तलाव आंखला. असे तलाव पुढें त्या प्रांतांत घरोघर झाले. १९७६-७७च्या अवर्षणांत कित्येक कोरडे पडले, आणि फळीवाल्या मुलांनीं त्यांच्या गोल भिंतींवर चढण्याचा खेळ आरंभिला. १९९० सालीं पोर्टलंड येथें बर्नसाइड पुलाखालीं मुलांनीं परवानगीवांचून स्वतःच सिमेंट ओतून क्रीडास्थान बांधलें; नगरसंस्थेनें मागाहून त्यास मान्यता दिली.

आतां भूमिति पाहा. हौद ८ फूट खोल व भिंतीचा बांक ८ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा असेल, तर कांठावर भिंत अगदीं उभी होते. तोच बांक ५ फुटांवर थांबविला, तर कांठावरील चढण सुमारें ६८ अंशच भरते. सरळ बाजूस ही भिंत नळकांड्याचा तुकडा असते, कोपऱ्यांत बांगडीचा, आणि काजूची कंबर जेथें आंत येते, तेथें खोगिराचा.

१९८४ सालीं हंगेरींत निघालेला आर्किकॅड काय किंवा २०००चा रेव्हिट काय, या कार्यक्रमांत रेषा न काढतां भिंत, छत, दार असे जिन्नसच मांडावयाचे असतात. हौद यांपैकीं कोणत्याहि नांवांत बसत नाहीं. म्हणून एक भरीव ठोकळा घेऊन, भिंतीच्या बांकाची आकृति कांठाकांठानें फिरवून तो कोरावा लागतो. कोपऱ्यांत कांठाची त्रिज्या भिंतीच्या त्रिज्येहून कमी ठेवली, तर फिरणारी आकृति स्वतःसच छेदते आणि काम बिघडतें. तेव्हां कोपरा तरी सैल करावा, नाहीं तर बांक तरी लहान करावा.

या हट्टाचा अर्थ ध्यानांत घेण्यासारखा आहे. सपाट तळ बांकास जेथें मिळतो, तेथें दोहोंची दिशा एकच पाहिजे. ती चुकली तर पडद्यावर कांहींच दिसत नाहीं, परंतु चाक अडतें आणि मूल तोंडावर पडतें. म्हणून ओल्या सिमेंटवर कारागीर आजहि लांकडी फर्मा फिरवून बांक तपासतो. माळ्यावरची ती लवचिक पट्टी आंकड्यांत गेली. खरेपणाची शेवटची परीक्षा मात्र हाताकडेच राहिली.