गोचिडीचा दंश आणि रक्ताची साक्ष

अमेरिकेतील मॉन्टाना प्रांतात बिटररूट नावाची एक नदी आहे. तिच्या पश्चिम तीरावर वसंत ऋतूत अंगावर ठिपके उमटविणारा ज्वर येई, आणि तो ज्यास येई तो मनुष्य पुष्कळदा दगावे. पूर्वेकडील लोक मात्र बहुधा निर्धास्त असत. १९०६ साली हॉवर्ड रिकेट्स तेथे गेले. रोग्याचे रक्त गिनीपिगास टोचून त्यांनी तो ज्वर त्या प्राण्यात उतरविला, व त्याचे वहन गोचीड करते हेही सिद्ध केले. हा जंतू जिवंत पेशींबाहेर वाढत नसल्याने पोषक द्रव्यावर त्याची पैदास करणे अशक्य होते. म्हणून गिनीपिग हीच त्या वेळची परीक्षा! पुढे १९१० साली मेक्सिको शहरी टायफसचा शोध घेताना रिकेट्स त्याच रोगाने वारले.

रोग्याच्या शिऱ्यातून थोडेसे रक्त घेऊन निदान करण्याची युक्ति मात्र मोठ्या विलक्षण रीतीने हाती आली. एडमुंड वाइल व आर्थर फेलिक्स ह्यांना टायफसच्या एका रोग्याच्या मूत्रात प्रोटियस जातीचा एक जंतू आढळला. त्याचा टायफसशी कार्यकारणसंबंध मुळीच नव्हता. तथापि रोग्यांच्या रक्तजलात तो घातला की त्याचे पुंजके बांधत. हे त्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केले. त्याचे कारण असे, की दोन्ही जंतूंच्या अंगावरील काही घटकांत साम्य आहे. चोराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्याच्यासारखा दिसणाऱ्या सज्जनासही धरतात! हीच परीक्षा गोचिडीच्या ज्वरासही लागू पडली. वाइल १९२२ साली प्रयोगशाळेतच टायफसची लागण होऊन मरण पावले.

येथे आम्हांस एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ही प्रतिपिंडे रक्तात येण्यास आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. नंतरची प्रकाशमान रंगद्रव्याची परीक्षा पुष्कळ अचूक खरी. पण तीतही दोन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन प्रमाण चौपट झाले की नाही हे पाहावे लागते. तोपर्यंत रोगी थांबतोच असे नाही. महाराष्ट्रातही ह्या वर्गातील ज्वराचे रोगी आढळले आहेत. अशा वेळी पहिल्या दिवसांतील 'नकारार्थी' कागद पाहून घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, हे आम्हांस भयावह वाटते. सुज्ञ वैद्य संशयावरूनच डॉक्सिसायक्लिन सुरू करतो. कागद मागाहून येतो.

त्याच बिटररूट खोऱ्यातील हॅमिल्टन गावच्या प्रयोगशाळेत १९८१ साली विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्ककडून आलेल्या गोचिडी तपाशीत होते. त्यांच्या आतड्यांत त्यांना मळसूत्राकृती जंतू दिसले. लाइम नावाच्या, तोवर कारण न उमगलेल्या रोगाच्या रोग्यांचे रक्तजल त्यांवर घालून पाहिले, तो त्यांतील प्रतिपिंडांनी ते जंतू ओळखले.